दुसऱ्या प्रकरणाचं काय करायचं? एम.ए.च्या एका संशोधन प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

महाराष्ट्रातल्या एका विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग. विद्यार्थी मराठवाड्यातला, आईवडील दोघंही ऊसतोडीला जाणारे. शाळा झाली ती आजीकडे राहून, कारण दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला लागलेलं कुलूप कारखान्याचा पट्टा पडल्यावरच, म्हणजे हंगाम संपल्यावरच, निघायचं. बी.ए.ला समाजशास्त्र घेतलं ते जवळच्या कॉलेजात जे विषय होते त्यांतला तो एक म्हणून. एम.ए.ला मात्र तो ठरवून आला होता.

विभाग, तालुका, कारखाना यांची नावं इथे काढली आहेत. जातही लिहिलेली नाही. त्याच्या प्रकल्पात ती होती आणि असायलाच हवी होती; पण तिकडची गावं एवढीशी आहेत की जात आणि मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराचा, एखादा तपशील सांगितला की माणूस ओळखू येतो. मी त्याचा मार्गदर्शक नव्हतो. विभागाच्या संशोधन समितीवर असल्यामुळे त्याचे मसुदे माझ्याकडे यायचे.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार आखलेल्या दोन वर्षांच्या एम.ए.त संशोधन प्रकल्पाला तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांक असतात. पूर्वी एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधे एम.फिल. असायचं. तिथे मुलं एकदा चुकतमाकत लिहून घ्यायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीने एम.फिल. बंद झालं, आणि तो सगळा सराव या दहा श्रेयांकांवर येऊन पडला. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाने एका वर्षात क्षेत्रकार्यही करायचं आणि सिद्धांतही हाताळायचा, अशी ही अपेक्षा आहे.

सिद्धांत शिकवला जातो तो दोन पेपरांत, आधी अभिजात विचारवंत आणि मग समकालीन. त्यावर नेटची, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची, सावली असतेच. नेटच्या दुसऱ्या पेपरात १०० प्रश्न, आणि त्यांत विचारवंत-संकल्पना, पुस्तक-साल अशा जोड्या लावायच्या. हा मुलगा त्यात तरबेज होता. कुठलीही संकल्पना उच्चारा, कुणाची ते तो झोपेतही सांगेल. नेटमधून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये झाली आहे. ज्याच्या घरी हंगामाच्या शेवटी अंगावर बाकी राहते त्याने जोड्या पाठ केल्या म्हणून त्याला नावं ठेवायला मी तयार नाही.

विषय ठरला तो ऊसतोड कामगारांचा. मार्गदर्शकांचं म्हणणं होतं की बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर काम कर; २०१९ साली तो प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला होता, त्यामुळे संदर्भही भरपूर मिळतील. त्याने नकार दिला. "त्या बायांना मी काय विचारणार सर? मी पुरुष, त्यातून गावातला. आणि कॅमेरेवाले येऊन येऊन त्या वैतागल्यात." त्याने उचलीचा, म्हणजे हंगामाआधी मजुराला मिळणाऱ्या आगाऊ रकमेचा, विषय घेतला. समितीने तो फारशी चर्चा न करता मंजूर केला.

अडचण

तिसऱ्या सत्राच्या शेवटी पहिला मसुदा आला. दुसरं प्रकरण, 'सैद्धांतिक चौकट', तीसेक पानांचं होतं आणि सगळं पिएर बूर्द्यू या फ्रेंच समाजशास्त्रज्ञावर. हॅबिटस (अंगवळणी पडलेली वळणं), क्षेत्र, भांडवलाचे प्रकार (पैसा, ओळखी, शिक्षण-संस्कार). नीटनेटकं आणि कुठेही न चुकलेलं. तिसऱ्या प्रकरणात पद्धती. चौथ्यात त्याच्या गावच्या टोळीची माहिती आणि तिच्या शेवटी एक तक्ता. आर्थिक भांडवल : उचल. सामाजिक भांडवल : मुकादमाशी ओळख. सांस्कृतिक भांडवल : अभाव.

मुलाखतींच्या यादीत त्याची आईही होती. बैठकीत विभागातल्या ज्येष्ठ बाईंनी त्या शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हा अभाव कुणाच्या घरातला रे?"

"आमच्याच, मॅडम," तो म्हणाला. "पण तक्त्यात काहीतरी लिहावं लागतं ना."

त्या उत्तराला हसू आलं तरी दोष त्याचा नव्हता. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतीय समाजशास्त्रांवर एक झणझणीत लेख लिहिला होता. सिद्धांत मांडायचं काम काहींकडे आणि त्यासाठी अनुभव, माहिती पुरवायचं काम बाकीच्यांकडे, अशी जातीसारखी विभागणी इथल्या ज्ञानव्यवहारात आहे, असं त्यांचं म्हणणं. आमच्या वर्गात ही विभागणी रोज दिसायची. ऊसतोडीचा विषय निघाला की याला उभं करायचं, "तू सांग, तू पाहिलंयस." बूर्द्यूवर चर्चा आली की प्रश्न पुढच्या बाकांकडे. त्याचा मसुदा याच वर्गासारखा उभा होता. दुसऱ्या प्रकरणात परका विचारवंत बोलत होता, चौथ्यात गाव बोलत होतं, आणि दोघांची गाठ कुठेच पडत नव्हती.

खरी गोष्ट मात्र चौथ्या प्रकरणातल्या एका परिच्छेदात दडली होती. हंगाम संपला की हिशोब होतो. तोडलेल्या टनांमधून उचल, आठवड्याची खर्ची आणि खाडे वजा जातात, आणि बऱ्याच कुटुंबांच्या अंगावर बाकी राहते. तेव्हा दुसरा मुकादम येऊन म्हणतो, तुझी बाकी मी फेडतो, वर जास्त उचल देतो, माझ्या टोळीत ये. काही जातात. त्याच्या टोळीतली बहुतेक कुटुंबं जात नव्हती. कमी उचल घेऊन ती त्याच मुकादमाकडे राहत. हे त्याने नोंदवलं होतं आणि खाली कारण लिहिलं होतं, "अज्ञान आणि दारिद्र्यामुळे."

दारिद्र्याने माणूस जास्त उचलीकडे जाईल की कमी उचलीकडे?

पुढे काय करता आलं असतं

समितीपुढे आणि मार्गदर्शकांपुढे तीन-चार वाटा होत्या. सोपी वाट म्हणजे सिद्धांत सोडून द्यायचा आणि प्रकल्प 'वर्णनात्मक अभ्यास' म्हणून पुरा करायचा. मार्गदर्शकांचा कल इकडेच होता. त्यांची बाजू चुकीची नव्हती, कारण चौथं सत्र पाच महिन्यांचं, त्यात नेटची तारीख मधे, आणि मुलगा वेळेत पास होणं महत्त्वाचं. पण तसं केलं असतं तर वर्गातली ती विभागणी आम्ही स्वतःच्या सहीने कायम केली असती.

दुसरी सूचना होती विचारवंत बदलण्याची. बूर्द्यू काढा, मार्क्स घाला. यावर बराच वेळ गेला, आणि माझ्या मते तो वाया गेला. कोणता विचारवंत, हा प्रश्नच तेव्हा घाईचा होता. तक्त्यात मार्क्स बसवला असता तर 'सांस्कृतिक भांडवल'च्या जागी 'वर्गजाणीव' आली असती आणि समोर तोच 'अभाव'.

तिसरी वाट डागडुजीची होती. बूर्द्यू आहे तसा ठेवायचा आणि चौथ्या प्रकरणात जागोजागी त्याची आठवण काढायची. बहुतेक प्रकल्प असेच पुरे होतात, बाहेरचे परीक्षकही खळखळ करत नाहीत.

चौथी वाट बाईंनी सुचवली. दुसरं प्रकरण बाजूला ठेव, फाडू नको. आधी एवढंच शोध की जास्त पैसे मिळत असताना माणसं तिथेच का राहतात. उत्तर हाती लागायला लागलं की मग पुस्तकं उघड. वेळेचा धोका सगळ्यात जास्त याच वाटेवर होता. निर्णय विद्यार्थ्यावर सोडला. दोन दिवसांनी त्याने ही वाट घेत असल्याचं सांगितलं, आणि मार्गदर्शकांनी एक अट घातली : फेब्रुवारीअखेर काही हाती आलं नाही तर वर्णनात्मक अभ्यासावर यायचं.

मामाची वही

जानेवारीत तो पश्चिम महाराष्ट्रातल्या फडावर गेला. टोळी तिथे कोप्या (पाचटाच्या झोपड्या) टाकून होती. तिचा मुकादम त्याचा मामा.

मामाकडे दोन वह्या होत्या. मोठी वही हिशोबाची. तिच्यात पुरुषाचं नाव, पुढे '१ कोयता', पुढे उचलीची रक्कम. कोयता म्हणजे नवराबायको मिळून एक. तोडणी दोघं करतात, मोळ्या बाई डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते, पण ओळ एक आणि नाव एक. एक विधवा बाई होती, तिच्यापुढे 'अर्धा' लिहिलेलं होतं, आणि तेही दिराच्या नावाखाली. बायकांच्या हातात थेट येणारा पैसा म्हणजे वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून मिळणारा, आणि तो वहीत कुठेच नव्हता.

दुसरी खिशातली वही. तिच्यात जून ते सप्टेंबरमधल्या किरकोळ रकमा होत्या : पोराची फी, दवाखाना, बियाणं, कुणाच्या मातीला जायचं म्हणून गाडीभाडं. काहींवर काट मारलेली होती, काही तशाच. या रकमा हंगामाच्या हिशोबात धरल्याच जात नसत. त्याने मामाला विचारलं की मग हे पैसे परत कधी घेता. मामा म्हणाला, "येतेत की. माणूस आला की पैसा आलाच."

इथे प्रकल्प उलगडला. मोठ्या वहीतली बाकी दुसरा मुकादम फेडू शकतो, कारण ती आकड्यात आहे. खिशातल्या वहीतलं देणं त्याला फेडता येत नाही. आईला त्याने हेच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या बहिणीच्या येळंला रातच्याला दोन वाजता पैसं घिऊन ह्योच आलता. आता कुन्या तोंडानं सोडून जायाचं?" बाकी फिटते, हे फिटत नाही. आणि मामा हे प्रेमाने करतो की धंद्याने, या प्रश्नाला मामाकडेही सरळ उत्तर नव्हतं. कारखान्याकडून, वाहतूक ठेकेदारामार्फत घेतलेली उचल त्याच्याच अंगावर असते. कोयता पळाला तर बुडतो तो. मुकादमाच्या घरावर जप्ती आल्याची आणि मजुराला डांबून ठेवल्याचीही उदाहरणं त्या भागात सगळ्यांना माहीत आहेत.

पेच वेगळाच उभा राहिला. मामाने वही वाचू दिली, फोटो काढू दिले नाहीत. भाच्याला दाखवलं आणि संशोधकाला दाखवलं यात मामाने फरक केला होता का, हे कुणालाच माहीत नव्हतं. संमतिपत्रावर त्याची सही होती, पण ती मुलाखतीसाठीची. वहीतल्या रकमा छापल्या तर टोळीतल्या माणसांना एकमेकांच्या अडचणी कळणार, आणि मामाचं कमिशन सोडून आणखी काय सुटतं तेही. कमिशन तसं उघड असतं. कारखाने आणि ऊसतोड संघटना यांच्यातल्या जानेवारी २०२४च्या करारात तोडणीचे दर ३४ टक्क्यांनी वाढले तेव्हा त्याचीही बोलणी जाहीरपणे झाली होती. बाकीचं उघड नसतं.

नातं सांगायचं की लपवायचं, हाही प्रश्न होता. सांगितलं तर मामा ओळखू येतो. लपवलं तर वाचकाला कळतच नाही की ही वही संशोधकाला कशी मिळाली. शेवटी त्याने आणखी दोन मुकादमांच्या मुलाखती घेतल्या आणि पद्धतीच्या प्रकरणात लिहिलं की तिघांपैकी एक नात्यातला आहे. कोणता ते लिहिलं नाही. कुटुंबनिहाय रकमा गाळल्या, फक्त खर्चाची कारणं आणि महिने ठेवले. मग पुन्हा मामाकडे जाऊन ती पानं वाचून दाखवली. मामाने एक ओळ काढायला लावली, ती त्याने काढली. कोणती, ते त्याने आम्हालाही सांगितलं नाही. मला हा या प्रकल्पातला सगळ्यात पक्व निर्णय वाटतो.

मग पुस्तकं

फेब्रुवारीत तो परत आला तेव्हा त्याच्याकडे प्रश्न होता आणि अर्धंमुर्धं उत्तर. आता वाचन सुरू झालं ते शोधत शोधत. बाईंनी मार्क्सच्या 'भांडवल'च्या पहिल्या खंडातलं, इंग्रजी आवृत्तीत २१वं असलेलं प्रकरण दिलं. ते नगावर दिल्या जाणाऱ्या मजुरीवर आहे. मालक आणि मजूर यांच्या मधे मध्यस्थ कसा शिरतो, आणि मजुरांचाच म्होरक्या माणसं जमवून त्यांचे पैसे चुकते करण्याचा ठेका कसा घेतो, हे त्यात आहे. भांडवल मजुराची पिळवणूक मजुराच्याच हातून करवून घेतं, असं मार्क्स तिथे म्हणतो. १८६७ सालच्या पुस्तकात मामा भेटल्यावर हा मुलगा दोन दिवस त्याच चार पानांवर होता.

पण मार्क्सने खिशातल्या वहीचा उलगडा होत नव्हता. तो झाला बूर्द्यूमुळेच. मात्र भांडवलाचे प्रकार सांगणारा पाठ्यपुस्तकी बूर्द्यू इथे कामाचा नव्हता. अल्जीरियातल्या काबिल शेतकऱ्यांबद्दल त्यांनी लिहिलेलं पुस्तक १९७७ साली इंग्रजीत आलं. देणं आणि परतफेड यांच्या मधे जो काळ जातो त्या काळामुळेच देवाणघेवाणीला भेटवस्तूचं रूप येतं, हा त्यातला मुद्दा. तिथला खम्मेस नावाचा वाटेकरी मालकाशी कर्जाने बांधलेला असतो, आणि त्याला धरून ठेवायला मालकाला सतत माणुसकी दाखवावी लागते. नुसत्या जोरावर ते जमत नाही. आषाढात दिलेले फीचे पैसे आणि कार्तिकात उचललेला कोयता यांच्यात चार महिने असतात. ते चार महिने काढून टाकले तर मामा सावकार दिसला असता.

इंग्रजी अवघड होतं. त्याने दोन वर्गमित्रांना धरलं आणि तिघं मिळून आठवड्याला दहाबारा पानं वाचायचे. अडलेल्या जागा बाईंकडे यायच्या. विभागात वाचनगट काढा असं आम्ही वर्षानुवर्षं बोलत होतो; तो या निमित्ताने विद्यार्थ्यांनीच काढला.

डॉ. आंबेडकर आले ते अगदी शेवटी, आणि मोठ्या वहीमुळे. 'एक कोयता' म्हणजे जोडपं असेल तर एकट्या मुलाला पूर्ण उचल मिळत नाही. म्हणजे लग्न हीच कामाची पात्रता ठरते. लहान वयात लग्नं का उरकतात याचं उत्तर रूढीइतकंच या ओळीत आहे, असं त्याने लिहिलं. आंबेडकरांनी मे १९१६मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या चर्चासत्रात वाचलेल्या निबंधात जात टिकते ती लग्नावरच्या नियंत्रणातून, असं दाखवलं आहे. विधवेचं काय करायचं हा त्यातला कळीचा प्रश्न आहे. इथे जातीबरोबर मजुरीचा बाजारही जोडपं मागतो, आणि विधवेला 'अर्धा' म्हणून दिराखाली लिहितो. हा दुवा त्याचा स्वतःचा. आमच्यापैकी कुणी तो सुचवला नव्हता.

तीस पानांचं दुसरं प्रकरण गेलं. त्याच्या जागी सहा पानं आली आणि त्यांत फक्त प्रश्न कसा सापडला ते होतं. सिद्धांत चौथ्या-पाचव्या प्रकरणांत, वह्यांच्या शेजारी आला. तक्ता राहिला नाही.

निकाल

प्रकल्प वेळेत, मराठीत सादर झाला. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमची सैद्धांतिक चौकट कोणती?" त्याने दोन वह्यांपासून सांगायला सुरुवात केली. परीक्षकांनी मधेच थांबवून विचारलं, "ते ठीक, पण सिद्धांत कोणाचा?" पुढचं बोलणं नमुना लहान असण्यावर गेलं, आणि तो आक्षेप रास्त होता. एका टोळीवरून आणि तीन मुकादमांवरून एवढं म्हणता येईल का, याला त्याच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं. गुण चांगले पडले, वर्गात सर्वाधिक नव्हेत. सर्वाधिक गुण मिळालेल्या प्रकल्पाची सैद्धांतिक चौकट पंचवीस पानांची होती.

जूनची नेट त्याला नीट देता आली नाही, फेब्रुवारी-मार्च वाचनात गेले होते. पुढच्या खेपेला सहायक प्राध्यापकपदाची पात्रता मिळाली, अधिछात्रवृत्ती थोडक्यात हुकली. सध्या तो एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो आणि पीएच.डी.साठी दोन विद्यापीठांत अर्ज केले आहेत. मामाशी बोलणं आहे. मामाने प्रकल्पाची एक प्रत मागून घेतली आणि टोळीतल्या कुणाला दाखवलेली नाही, असं ऐकतो.

वेगळं काय करता आलं असतं

संमतीचा प्रश्न फडावर जाण्याआधी सुटायला हवा होता. नात्यातल्या माणसाकडून माहिती मिळणार हे विषय मंजूर करताना दिसत होतं; समितीने तेव्हा विचारलं असतं तर मुलाखतीची संमती आणि कागदपत्रांची संमती वेगवेगळी घेता आली असती. अनुभवातून आलेल्या विद्यार्थ्याचा विषय आम्ही चटकन मंजूर करतो, 'त्याला माहीतच आहे' म्हणून. याच विद्यार्थ्यांना ही बोलणी आधी हवी असतात, कारण परत त्याच गावात जाऊन राहायचं असतं त्यांना.

बायकांची बाजू अपुरी राहिली. आईखेरीज इतर बायका त्याच्याशी मोकळेपणाने बोलल्या नाहीत, वाढ्यांच्या पैशाबद्दल तर नाहीच. वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीबरोबर मिळून क्षेत्रकार्य करू दिलं असतं तर हे भरून निघालं असतं. नियमात प्रकल्प वैयक्तिक आहे, पण माहिती मिळून गोळा करायला तो आड येत नाही.

परीक्षकांचं नाव तोंडी परीक्षेच्या आठवडाभर आधी ठरलं. प्रकल्पाची रचना नेहमीपेक्षा वेगळी असेल तर मार्गदर्शकांनी सोबत पानभर टिपण जोडावं, एवढं केलं असतं तरी तो पहिला प्रश्न वेगळ्या तऱ्हेने आला असता.

यानंतर विभागाने आराखड्याचा अर्ज बदलला. 'सैद्धांतिक चौकट' या रकान्याच्या जागी आता 'तुम्हाला न उलगडलेली गोष्ट कोणती आणि ती कुठे दिसली' असा रकाना आहे. मार्गदर्शक सर याच्या विरोधात होते आणि आजही आहेत. त्यांचं म्हणणं, हा मुलगा जोड्या पाठ करून आला होता म्हणून त्याला फेब्रुवारीत कुठलं पुस्तक उघडायचं ते शोधता आलं; नव्या अर्जाखाली आलेल्या पहिल्या तुकडीतल्या निम्म्या मुलांनी रकाना सुंदर भरला आणि शेवटपर्यंत एकही पुस्तक उघडलं नाही. त्यांनी दाखवलेले मसुदे मी वाचले आहेत, आणि त्यांच्याबद्दल ते म्हणतात ते खरं आहे. पुढच्या बैठकीत दोन्ही रकाने ठेवायचे का यावर मतदान होणार आहे.